स्टेज लागताना : वाचकांचे प्रश्न, साउंडवाल्याची उत्तरं

रॉक कार्यक्रमाच्या साउंडबद्दल काही विचारायचं असेल तर लिहा, असं मागच्या अंकात म्हटलं होतं. पत्रं अपेक्षेपेक्षा जास्त आली, त्यातली सहा इथे घेतली आहेत. पहिल्या पत्राला मी मुद्दाम जास्त जागा दिली आहे. त्या मुलीने जे विचारलंय ते मला अठराव्या वर्षी कुणाला तरी विचारायचं होतं, आणि विचारण्यासारखं माणूस भेटलं नव्हतं.

प्रश्न : काका, गेल्या डिसेंबरात भावाबरोबर वागातोरला रॉक कॉन्सर्टला गेले होते. गेट चारला उघडलं, बँड यायला सात वाजले. आम्ही अगदी पुढे, बॅरिकेडला टेकून उभे. तीन तास समोर नुसतं सामान : काळी खोकी, कापडाखाली झाकलेले ड्रम, ओळीने उभ्या गिटारी, मध्येच कुठे लाल दिवे. माझ्या छातीत धडधडत होतं. गाणी आवडलीच, पण घरी आल्यावर आठवत राहिले ते तीन तास. भाऊ म्हणतो, तुला बँडपेक्षा खोकीच आवडली. असं आणखी कुणाला होतं का? आणि मी नेमकं काय बघत होते?
(महाविद्यालयीन विद्यार्थिनी, डिचोली)

उत्तर : होतं, बाय. मला १९८८ पासून होतंय.

मी फोंडा तालुक्यातला. शाळा संपल्यावर गावच्या लाउडस्पीकरवाल्याकडे कामाला लागलो होतो. जत्रेतल्या नाटकाला भोंगे बांधायचे, चवथीला आरतीसाठी माइक लावायचा, लग्नघरी ॲम्प्लिफायरशेजारी बसून कॅसेट बदलायच्या. त्या वर्षी पणजीला कांपालच्या मैदानावर एक रॉक कार्यक्रम होता. सामान मुंबईहून येणार होतं आणि उतरवायला हात कमी होते, म्हणून मालकांनी मला पाठवलं. ट्रकचा फाळका पडला आणि आत काळ्या पेट्याच पेट्या. प्रत्येक पेटीला चाकं, कोपऱ्यांवर पोलादी गोळे, फुलपाखरासारख्या फिरणाऱ्या कड्या. आम्ही ॲम्प्लिफायर गोणपाटात गुंडाळून टेम्पोत टाकणारी माणसं. इथे पेटी उघडली की आत स्पंजात त्या वस्तूच्या मापाचा खळगा, आणि खळग्यात ती वस्तू. गिटारचा ॲम्प उतरवताना त्यांनी तो खालून दोन्ही हातांनी धरला, चवथीला चित्रशाळेतून गणपती आणताना पाट धरतात तसा.

संध्याकाळी कुणीतरी त्याचं बटण दाबलं. पुढे बारीक लाल दिवा लागला. मी मागच्या बाजूने वाकून पाहिलं, तर आतल्या काचेच्या नळ्या हळूहळू केशरी होत होत्या. गाणं सुरू व्हायला अजून वेळ होता. एकही माणूस स्टेजवर नव्हता. पण खोक्यातून एक बारीक ‘हूं’ यायला लागला, आणि माझ्या अंगावर काटा आला. तू पाहिलेले लाल दिवे ते हेच. व्हॉल्व्हच्या ॲम्पमध्ये नळी तापल्याशिवाय आवाज निघत नाही, म्हणून बँड येण्याच्या बऱ्याच आधी तो चालू करून ठेवतात. चूल पेटलेली असते, एवढंच.

त्या ॲम्पखालच्या दोन खोक्यांची गोष्टही तुला सांगायलाच हवी. लंडनमध्ये जिम मार्शल म्हणून ड्रम शिकवणारे एक गृहस्थ होते. त्यांचं वाद्यांचं दुकान होतं. तिथे येणाऱ्या पोरांना जास्त जोराचा ॲम्प हवा होता, म्हणून १९६२ साली त्यांनी तो स्वतःच बनवायला घेतला. पुढे ‘द हू’ बँडच्या पीट टाउनशेंड यांनी १०० वॉटचा ॲम्प मागितला आणि त्याखाली एकाच खोक्यात आठ स्पीकर मागितले. तसं खोकंही झालं. पण ते उचलताना सामान वाहणाऱ्यांची कंबर मोडायची वेळ आली. तेव्हा त्याचे दोन भाग केले, प्रत्येकात चार स्पीकर, आणि ते एकावर एक ठेवले. आज जगभर रॉकच्या स्टेजवर जी उभी जोडी दिसते, ती अशी हमालांच्या पाठीसाठी झाली. ही गोष्ट मला कळली तेव्हा मी स्वतः दहा वर्षं पेट्या वाहिल्या होत्या. त्या दिवशी मला फार बरं वाटलं होतं.

आता तू नेमकं काय बघत होतीस ते. मागे रचलेली सगळी खोकी वाजत नाहीत. काही नुसती रिकामी, दिसण्यासाठी ठेवलेली असतात. खरं कुठलं ते ओळखायचं असेल तर माइक शोध. ज्या जाळीसमोर बुटक्या स्टँडवर माइक टेकवलाय, तेच खोकं मैदानभर ऐकू येणार. माइक स्पीकरच्या बरोबर मध्यावर रोखला तर गिटार धारदार येते, काठाकडे सरकवला तर मऊ. हवी ती जागा सापडली की जाळीवर टेपची खूण करतात. ती खूण बघितली की मी थबकतो. दोन बोटांच्या अंतरासाठी कुणीतरी अख्खी दुपार उन्हात घालवलेली असते.

ड्रमखाली गालिचा असतो, कारण पायाच्या दणक्याने ड्रम पुढे पुढे सरकतात. गालिच्यावरचे रंगीत टेपचे तुकडे म्हणजे प्रत्येक स्टँडच्या पायाची ठरलेली जागा. गिटारी सहा-सात असतात, कारण काहींचं ट्युनिंग वेगळं असतं आणि काही तार तुटली तर हाताशी असाव्यात म्हणून. आपल्याकडे दर्यावरचा खारा वारा तारा गंजवतो, दुपारचं ऊन आणि रात्रीचा दमटपणा ट्युनिंग हलवतो. म्हणून काळ्या कपड्यातला एक माणूस पुन्हा पुन्हा येऊन त्या जुळवत असतो. त्याने एक तार छेडली की पुढची पोरं ओरडतात, आणि त्यांचं काही चुकत नाही. मैफलीत तंबोरे जुळायला लागले की बसल्या जागी माणसं सावरून बसतात, तसंच हे.

आणि सगळ्यात शेवटी एक जण स्टेजच्या कडेला येतो, मैदानाच्या मध्यावर जिथे साउंडचा कन्सोल असतो त्या दिशेने छोटी बॅटरी लुकलुकवतो. म्हणजे इकडे सगळं तयार. मग लावून ठेवलेली गाणी हळूहळू बंद होतात आणि दिवे विझतात. ती बॅटरी पाहिलीस का? पुढच्या वेळी नजर तिच्यावरच ठेव. आपल्या संगीत नाटकाची तिसरी घंटा म्हणजे ती.

तुझ्या भावाला सांग, खोकी आणि बँड असे दोन पक्ष नसतात. त्या स्टेजकडे नीट बघ : माइक गायकाच्या ओठांच्या उंचीवर थांबलेला, ड्रमवाल्याचं स्टूल त्याच्या गुडघ्याच्या मापाचं, गिटारचा आवाज बदलणारं पॅडल त्या गिटारवाल्याच्या उजव्या पायाला सापडेल असं तिरकं ठेवलेलं, बाजूला त्याचा टॉवेल, जमिनीवर चिकटवलेली गाण्यांची यादी. माणसं यायची आहेत, पण त्यांची मापं येऊन उभी आहेत. तुझ्या छातीत धडधडलं ते त्यामुळे.

प्रश्न : जत्रेला आम्ही स्पीकर जमिनीवर एकावर एक रचतो. मोठ्या कॉन्सर्टला ते दोन्ही बाजूंना केळीच्या लोंगरासारखे टांगलेले दिसतात. हा देखावा आहे की खरंच फरक पडतो?
(देवस्थान समितीचे एक सभासद, फोंडा तालुका)

उत्तर : फरक पडतो, आणि तो तुम्हाला स्वतःच्या कानांनी पडताळता येईल. जत्रेत रचलेल्या स्पीकरपुढे पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्यांचे कान किटतात आणि मागे चणे-खाज्याच्या दुकानांपाशी संवाद कळत नाहीत. एकाच जागेहून निघालेला आवाज चारी दिशांना फुगत जातो. अंतर दुप्पट झालं की तो ६ डेसिबलने (डेसिबल म्हणजे आवाजाचा जोर मोजायचं माप) उतरतो. तेच स्पीकर एका उभ्या ओळीत एकमेकांना चिकटवून टांगले, तर त्यांचे आवाज मिळून एकच पसरट लाट होते. ती वरखाली फारशी फुगत नाही, आणि बऱ्याच अंतरापर्यंत दुपटीला ३ डेसिबलच उतरते. लोंगराचं खालचं टोक आत वळलेलं असतं, कारण खालचे डबे पुढच्या लोकांसाठी आणि वरचे सरळ डबे लांबच्यांसाठी असतात. क्रिश्चन हाइल या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाने १९९२ च्या सुमारास या तत्त्वाची व्ही-डॉस्क ही प्रणाली आणली, आणि पुढच्या काही वर्षांत मोठ्या स्टेजचं रूपच पालटलं.

त्याआधीचे हाल ऐका. १५ ऑगस्ट १९६५ ला न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये बीटल्स वाजवत होते, समोर ५५ हजारांवर माणसं. त्यांचं गाणं स्टेडियमच्या स्वतःच्या स्पीकरांवरून, म्हणजे ज्यावरून सामन्याच्या घोषणा होत त्यावरून, ऐकवलं जात होतं. लोकांच्या किंचाळण्यापुढे स्वतः बीटल्सना स्वतःचं वाजवणं ऐकू येत नव्हतं. नऊच वर्षांनी, १९७४ मध्ये, ग्रेटफुल डेड या अमेरिकी बँडने आपल्या मागे सुमारे ६०० स्पीकरांची भिंत उभी केली. वजन ७५ टनांच्या घरात. स्पीकर गायकांच्या पाठीमागे, म्हणजे माइकमध्ये तोच आवाज शिरून ‘कुई’ होणार. म्हणून प्रत्येक गायकाला दोन माइक दिले, एक उलटा जोडलेला. दोन्हीत सारखा शिरलेला भिंतीचा आवाज आपोआप कटायचा, गायक एकाच माइकमध्ये गायचा तेवढा उरायचा. लावायला इतका वेळ लागायचा की एका गावात कार्यक्रम चालू असताना पुढच्या गावात दुसरा सांगाडा उभा होत असे. खर्च झेपेना, त्याच वर्षी ती भिंत बंद झाली. तिचा फोटो मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा कितीतरी वेळ एकेक स्पीकर मोजत बसलो होतो.

टांगलेल्या लोंगराशेजारी जमिनीवरही मोठी खोकी असतात, ती बेसची. ५० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ५० कंपनांच्या, एका लाटेची लांबी सुमारे ७ मीटर. ती ओळीला जुमानत नाही, आणि जमिनीवर ठेवली की जमिनीचा तिला जोर मिळतो.

तुमच्या जत्रेला हे काही नको. रचलेले स्पीकर डोक्यांच्या वर जातील असे स्टँडवर घ्या, आणि मागे दुकानांपाशी दोन लहान स्पीकर वेगळे द्या. मागचे किंचित उशिरा वाजतील असं मिक्सरमधून लावून घ्या. आवाज सेकंदाला साधारण ३५० मीटर जातो, म्हणजे ३५ मीटर मागे असतील तर एक दशांश सेकंद. मग नाटकातलं वाक्य दोनदा ऐकू येणार नाही.

प्रश्न : ‘चेक, चेक, वन, टू’ हे इतका वेळ कशासाठी? माणसाला कंटाळा येतो.
(एक वाचक, पेडणे)

उत्तर : ‘चेक’मधला च उंच पट्टीतली धार दाखवतो, ‘वन’मधला व आणि न छातीतला आवाज दाखवतात, ‘टू’च्या ट मध्ये हवेचा धक्का कळतो. तीन शब्दांत आवाजाच्या तिन्ही मजल्यांवर जाऊन येता येतं. ड्रमवाला पायाने वाजवायचा मोठा ड्रम एकटाच दहा मिनिटं ठोकत बसतो, कारण सगळ्यांत आधी तो बसवावा लागतो. त्याचा आवाज बाकी प्रत्येक माइकमध्ये शिरतो.

आपल्याकडे एक अडचण जास्तीची आहे. रात्री १० नंतर उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही, सरकारने वर्षातले मोजके दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत दिली असेल तेवढेच. म्हणून कार्यक्रम लवकर सुरू होतात आणि चेक भर दुपारी करावा लागतो. दुपारी किनाऱ्यावर जमीन तापलेली, आवाज वर उचलला जातो, दर्यावरचा वारा तो ढकलतो. सूर्य बुडाला की जमीन निवते आणि तोच आवाज जमिनीलगत लांबवर जातो. दुपारी तीनला बरोबर लावलेलं संध्याकाळी सातला बरोबर राहत नाही. कन्सोलवरचा माणूस हे गृहीत धरून चेक घेत असतो. तेव्हा कंटाळा आला तर त्याच्या तोंडाकडे बघा. मला तरी त्या वेळी त्याच्याइतकं एकाग्र माणूस मैदानात दुसरं दिसत नाही.

प्रश्न : आमच्या रॉक बँडमध्ये मी घुमट वाजवतो. गिटार सुरू झाली की घुमट बुडतं. माइक कुठे लावू?
(एक वादक, सांखळी)

उत्तर : तुमचं पत्र वाचून आनंद झाला. २०१९ मध्ये घुमटाला गोव्याचं वारसा वाद्य म्हणून मान मिळाला, पण वाद्य टिकतं ते असं रोजच्या वाजवण्यात आलं की.

घुमटाला दोन तोंडं आहेत, म्हणून दोन माइक लावा. एक कातड्यापासून चार बोटांवर, जरा तिरका. दुसरा मागच्या उघड्या तोंडाजवळ, पण तुमचा तळवा तिथे उघडझाप करतो त्याला जागा सोडून. थाप पडली की कातडं आत जातं आणि मागच्या तोंडातून हवा बाहेर येते. म्हणजे एका माइकला ओढ मिळते तेव्हा दुसऱ्याला धक्का, आणि दोन्ही एकत्र केले की एकमेकांना खातात. तुमचं घुमट बुडतं ते बहुधा याच कारणाने, साउंडवाले दोन माइक लावूनही हे विसरतात. त्याला सांगा, मागच्या माइकचं ‘पोलॅरिटी’ बटण, म्हणजे ओढीचा धक्का आणि धक्क्याची ओढ करणारं, दाबून बघ. फरक त्याच क्षणी कळेल. स्नेअर ड्रमला वरखाली दोन माइक लावतात तिथेही हेच करतात.

घोरपडीचं कातडं वन्यजीव कायद्याने बंद झालं, आता बकऱ्याचं लावतात. ते दमट हवेत लवकर सैल पडतं. स्टेजवर जाण्याआधी घुमट शेकून घ्या आणि कापडात गुंडाळून न्या. रिकाम्या स्टेजवर मार्शलच्या खोक्याशेजारी स्टँडवर घुमट ठेवलेलं दिसेल, त्याचा एक फोटो मला जरूर पाठवा.

प्रश्न : मुलगा सोळा वर्षांचा. कॉन्सर्टला तासन्तास स्पीकरजवळ उभा राहतो. कानाला धोका आहे का?
(एक आई, मडगाव)

उत्तर : आहे, आणि मी हे स्वतःच्या डाव्या कानावरून सांगतो. त्यात कायमची शिट्टी वाजते, आणि पावसाळ्यात किरकिऱ्यांचा आवाज मला त्या बाजूने येत नाही. आमच्या वेळी कानात बोळे घालणाऱ्याला भित्रा म्हणत.

हिशेब असा : ८५ डेसिबल आठ तास चालतात. पुढे प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कार्यक्रमांसाठी सरासरी १०० डेसिबलची वरची मर्यादा सुचवली, तीही शांत जागा आणि कानाचे बोळे उपलब्ध ठेवा असं सांगून. त्याला संगीतासाठीचे बोळे घेऊन द्या, ते आवाज बोथट न करता सगळा सारखा कमी करतात. जमिनीवरच्या बेसच्या खोक्यांपुढून चार पावलं मधल्या बाजूला उभा राहा म्हणावं. कार्यक्रमाआधी सामान बघत तो तासभर उभा राहिला तर मात्र खुशाल राहू द्या.

प्रश्न : मी आठवीत आहे. मला मोठेपणी हेच काम करायचं आहे. सुरुवात कुठून करू?
(एक विद्यार्थी, सांगे)

उत्तर : बघण्यापासून कर. कुडचड्याचं रवींद्र भवन तुला जवळ आहे. नाटक किंवा गाण्याचा कार्यक्रम असेल त्या दिवशी दुपारीच घरच्या कुणाला तरी घेऊन जा, साउंड लावणाऱ्या दादांना विचार आणि कडेला उभा राहा. विचारलं तर सहसा कुणी नाही म्हणत नाही.

विचारल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही. १९७२ साली वेल्समधल्या स्वान्सी शहरात लेस हार्वी नावाचा गिटारवादक स्टेजवर माइकला हात लावताच विजेचा धक्का बसून दगावला, अर्थिंग नीट नव्हतं. माझ्या तरुणपणी एका लग्नात जनरेटरच्या अर्थिंगची तार कुणी ठोकलीच नव्हती. माझा हात खांद्यापर्यंत बधिर झाला, मी वाचलो. तेव्हापासून सामान उतरलं की मी पहिली ती तार बघतो, मगच बाकीचं.

दुसरं, केबल गुंडाळायला शिक. पहिलं वर्षभर मालकांनी मला दुसरं काही करूच दिलं नाही. कोपर आणि अंगठ्याभोवती गरागरा गुंडाळली की आतली तार पिळवटते आणि एक दिवस भर कार्यक्रमात तुटते. एक वेढा सरळ घ्यायचा, पुढचा मनगट आत वळवून उलटा, मग सरळ, मग उलटा. घरात विहिरीच्या राजूचा, म्हणजे दोराचा, जुना तुकडा असेल तर दहा हात घे आणि अंगणात बस. गुंडाळून झाला की एक टोक पायाखाली धर आणि बाकीचा समोर फेक. सरळ रेषेत पडला, एकही गाठ नाही, तर जमलं. गाठ पडली तर पुन्हा गुंडाळ.